हातभर पहार, आयुष्यभराची हमी

‘या अवजाराला आयुष्यभराची हमी आहे.’

*

दोन शाळांच्या हॉकीच्या सामन्यात एक लाकडी काठी एका नडगीवर आपटून मोडली. नडगी मोडली नाही.

*

अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो तेव्हा आवाज होत नाही. केसासारखी रेघ उमटते, इतकंच.

*

डुलुथमध्ये एका बाईचा खुबा बदलायचा आहे.

*

वेलदोड्याचा पाव कॉफीत किती वेळ बुडवावा याबद्दल हार्डवेअरच्या दुकानात एकमत नाही.

*

गाडी सुरू केली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येतो. शेजारचं कुत्रं आता त्या आवाजाकडे बघतही नाही.

*

ही सगळी गोष्ट आर्वो कांगासची. खुबा तेवढा त्याच्या मेहुणीचा.

आर्वो म्हणजे वरच्या मिशिगनमधल्या लोखंडाच्या खाणीत उभं आयुष्य काढून घरी बसलेला माणूस. अंगाने आडवा, बोलायला आखडता. त्याच्या नावावर एकच बढाई होती आणि ती तो स्वतः कधी मारत नसे. दुसऱ्यांनी मारली की ऐकत बसे. ‘आर्वोच्या गाडीने अजून गॅरेजचं दार बघितलेलं नाही.’ लग्नापासून घरात जेवढ्या गाड्या आल्या तेवढ्या त्याने आपल्या शेडमध्ये, आपल्या हातांनी चालत्या ठेवल्या. ब्रेक, क्लच, एकदा तर अख्खं इंजिन खाली उतरवून. एखादा माणूस किती वर्षं न चुकता चर्चला जातो हे जसं सांगतात, तसं गावात हे सांगितलं जाई.

मागच्या शरदात या बढाईला जरा धक्का लागला.

गाडी बायकोची, म्हणजे व्हर्नाची. जुनी, निळी. तिच्या इंजिनात अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारं यंत्र, फिरवणारा एक रबरी पट्टा आहे. तो सैल पडला की अल्टरनेटर बाहेरच्या अंगाला रेटून धरायचा आणि रेटलेला असतानाच बोल्ट आवळायचा. काम एवढंच, पण त्याला तिसरा हात लागतो. आर्वोचा तिसरा हात म्हणजे एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्या दिवशी त्याने तो जरा जास्तच रेटला आणि अल्टरनेटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कानाला, म्हणजे बोल्ट अडकतो त्या कडीला, तडा गेला. आर्वोला ते कळलं नाही. व्हर्नाला कळलं, चर्चच्या आवारात, बंद पडलेल्या गाडीत, मयताच्या जेवणासाठी नेलेलं गरम भांडं मांडीवर घेऊन बसलेली असताना.

नवा अल्टरनेटर आर्वोनेच बसवला, म्हणून बढाई वाचली. पण या वसंतात पट्टा पुन्हा सैल पडला आणि मांजर ओरडायला लागलं.

“स्क्रू ड्रायव्हर घेऊन तू त्या गाडीच्या आसपास दिसायचं नाही,” व्हर्ना म्हणाली. “मला आयलीकडे डुलुथला जायचंय. तिचा खुबा काही तुझ्यासाठी थांबणार नाही. चार तासांचा रस्ता आणि निम्मं जंगल. तीन आठवडे आहेत तुझ्याकडे. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी निघणार. त्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत आवाज बंद झाला नाही, तर गाडी गॉर्डीकडे.”

“गॉर्डीकडे?”

“गावात दुसरं गॅरेज आहे का?”

“त्याने माझी नडगी फोडली होती.”

“फोडली नव्हती, सुजली होती. आणि तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, आर्वो. योग्य अवजार आण. लोक आणतात. त्यासाठीच दुकानं असतात.”

योग्य अवजार म्हणजे पहार. खड्डे खणायची माणसाएवढी नव्हे. इंजिनात घालून रेटायची, लहान, एका टोकाला चपटी, मान जराशी वाकवलेली. आर्वोकडे जगातली सगळी अवजारं होती. ही नव्हती, कारण स्क्रू ड्रायव्हर होता.

लांबी

मार्लीनच्या हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या डब्यांच्या मागे एक टेबल आहे. तिथे रोज सकाळी निवृत्त माणसं कॉफी पितात आणि मार्लीन त्यांना काही विकायचा प्रयत्न करत नाही. पहारी त्या टेबलाच्या डोक्यावरच टांगलेल्या असल्यामुळे आर्वोला एकट्याने बघायची सोय नव्हती.

वाइनो लाकडाचे ट्रक चालवायचा. तो म्हणाला, “लांब घे. लांबीत जोर असतो. माझी कंबरेएवढी होती. तिने मी एकदा अख्खं चाक…”

“त्याला ट्रक उचलायचा नाहीये,” क्लिफर्ड म्हणाला. क्लिफर्डने जन्मभर स्नोमोबाइल दुरुस्त केल्या, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य वीतभर जागेत गेलं होतं. “पट्टा ताणायचाय. वीतभर बस्स झाली. इंजिन म्हणजे काय बटाट्याचं वावर आहे?”

“वीतभर पहारीला पहार म्हणत नाहीत. चमचा म्हणतात.”

“मग तू तुझ्या पहारीने कॉफी ढवळ.”

“दोन्ही आहेत माझ्याकडे,” गल्ल्यामागून मार्लीन म्हणाली.

आर्वोने वर बघितलं, मान हलवली आणि पाव कॉफीत बुडवला. “बघतो,” तो म्हणाला.

टोक

पुढचा सबंध आठवडा टोकाचा. सरळ की वाकडं? चपटं की गोलसर? खिळ्यासाठी खाच असलेलं की नसलेलं?

घरी आर्वो संगणकासमोर बसू लागला. एक दाढीवाला माणूस दाबयंत्राखाली एकेक पहार ठेवून ती मोडेपर्यंत दाबायचा. मोडली की त्याला दर वेळी मनापासून वाईट वाटायचं. मग तो दुसरी घ्यायचा.

“अजून लोखंडच मोडतोय का तो?” स्वयंपाकघरातून व्हर्ना विचारी.

“अभ्यास करतोय.”

“तो की तू?”

टेबलावर वाइनो म्हणाला, वाकडं. क्लिफर्ड म्हणाला, वाकड्याने माणूस चुकीच्या जागी जोर लावतो. मागच्या शरदात काय झालं विसरलात का? त्यावर सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं, जसं एखाद्याच्या वाया गेलेल्या मुलाचा विषय निघाल्यावर बघतात.

मूठ

लाकडी, रबरी, की नुसतं लोखंड.

वाइनो: नुसतं लोखंड. क्लिफर्ड: रबर. मार्लीन: “रबरी खपतात. लाकडी परत येतात.”

त्या दिवशी आर्वोच्या लक्षात आलं की आपण पहार निवडतच नाही आहोत. लांब घेतली तर क्लिफर्ड दुखावणार. आखूड घेतली तर वाइनो तिला मरेपर्यंत चमचा म्हणणार. मधली घेतली तर दोघंही म्हणणार की विचारलंस कशाला. आणि वर टांगलेल्या पहारींपैकी कुठलीही एक खाली काढणं म्हणजे भरल्या टेबलासमोर मतदान करणं.

म्हणून शनिवारी तो कोणाला न सांगता मार्केटला गेला. मार्केट हे त्या बाजूचं मोठं गाव. तिथलं दुकान एवढं अवाढव्य की त्यात कोणी कोणाला ओळखत नाही. वाटभर मांजर ओरडत होतं. आर्वोने खिडकी लावून घेतली. मग रेडिओ लावला. मग रेडिओ बंद केला, कारण रेडिओ वीज खातो.

हमी

“हिला आयुष्यभराची हमी आहे,” विक्रेता म्हणाला.

“कोणाच्या?”

“म्हणजे?”

“आयुष्य कोणाचं धरायचं? माझं धरणार असाल तर जरा स्वस्तात द्या.”

विक्रेत्याला हसावं की नाही कळेना. “पहारीचं धरायचं. मोडली तर घेऊन या. काही विचारणार नाही, नवी देऊ.”

“आणि न मोडली तर?”

“मग तुम्हाला काय चिंता?”

पहार हातभर होती. घडीव पोलाद, नारिंगी मूठ, मुठीच्या बुडाला हातोडीचा घाव सोसणारी लोखंडी टोपी, आणि टोक वाकडं म्हटलं तर वाकडं, सरळ म्हटलं तर सरळ. आर्वोने ती तळहातावर तोलली आणि त्याला फार वर्षांनी एखादी गोष्ट आपली स्वतःची वाटली. कोणाच्या सल्ल्याने नव्हे, कोणाच्या भिडेने नव्हे. परतताना ती शेजारच्या सीटवर होती, जिथे एरवी व्हर्ना बसते. एका वळणावर ती घसरायला लागली तेव्हा त्याने हात आडवा धरला.

त्या संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवताना त्याने खोक्याचा पुठ्ठा चुलीत घातला. पावती पुठ्ठ्यातच होती.

जागा

हा मुद्दा पहारीबद्दल कोणीच काढला नव्हता.

सोमवारी दुपारी आर्वोने बॉनेट उघडलं, बोल्ट ढिला केला, पहार अल्टरनेटरच्या मागे सरकवली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मग त्याने रेटायला सुरुवात केली आणि तिची नारिंगी मूठ चाकावरच्या पत्र्याला टेकली. तिथेच थांबली. हलायला जागा नव्हती. त्याने वरून घालून बघितली. पाण्याची नळी आडवी आली. खालून घालायला तो जमिनीवर आडवा झाला, आणि खालून तर टोकच पोचेना.

चार बोटं आखूड असती तर. किंवा चार बोटं लांब असती तर मूठ पत्र्याच्या बाहेर आली असती.

तीन आठवडे टेबलावर वाइनोचा ट्रक मोजला गेला होता, क्लिफर्डच्या स्नोमोबाइल मोजल्या गेल्या होत्या, दाढीवाल्याचं दाबयंत्र मोजलं गेलं होतं. निळ्या गाडीला टेप लावायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आर्वोच्याही नाही.

आर्वो पायरीवर बसला आणि विचार करू लागला. पहार मोडली असती तर नवी मिळाली असती आणि नवी आखूड मागता आली असती. पावतीही लागली नसती. बसत नाही, याला मात्र हमी नव्हती, आणि बदलून घ्यायला लागणारी पावती चुलीत गेली होती. तो उठला, पहार कामाच्या बाकावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली, मुठीवर लोखंडी नळी चढवली आणि खाणीत कमावलेलं सगळं वजन तिच्यावर टाकलं. बाक उचललं गेलं. भिंतीवरचा आरसा खाली पडला. पहारीला काही झालं नाही. त्याने करवत लावली. करवतीचे दात गेले. हातोडीने ठोकली, टोपीने सांगितल्याप्रमाणे घाव सोसले.

घाम पुसत आर्वो तिच्याकडे बघत राहिला. निवड अगदी अचूक झाली होती.

मार्लीनकडे जाऊन आखूड आणता आली असती. पण टेबल तिथेच होतं. क्लिफर्ड आयुष्यभरासाठी बरोबर ठरला असता, आणि पहिली कुठून आणलीस, कधी आणलीस, इथून का नाही आणलीस, हे विचारणारी पहिली मार्लीन असती. त्याने हळूच भिंतीवरचा जुना स्क्रू ड्रायव्हर काढला आणि वळला. स्वयंपाकघराच्या खिडकीत व्हर्ना बटाटे सोलत उभी होती. बटाट्यांकडे बघत नव्हती.

स्क्रू ड्रायव्हर परत भिंतीवर गेला.

रात्रीच्या जेवणाला पास्टी होत्या, मांस-बटाटा भरलेल्या, खाणकामगार डब्यात नेतात तशा. आर्वोने अर्धी खाल्ली.

“उद्या सकाळी मी उशिरापर्यंत झोपणार आहे,” व्हर्ना म्हणाली. “कानातली यंत्रं काढून. गाडी सुरू झाली काय, न झाली काय, मला कळायचं नाही.”

“मी कुठे जातोय?”

“मी कुठे म्हटलं तू जातोयस? केचप दे इकडे.”

*

मंगळवारी उजाडता उजाडता मांजर ओरडत गावाबाहेरच्या रस्त्याला लागलं. पहार मागच्या सीटवर टाकलेली होती.

गॉर्डी पेल्कोला हा गॅरेजचा मालक. लांबलचक, वाकलेला, कानावर कायम पेन्सिल. पलीकडच्या शाळेचा बचावपटू होता. नडगीचं प्रकरण त्याचंच. तेव्हापासून दोघांमध्ये भांडण असं नव्हतंच. फक्त भेटले की दोघंही हवेबद्दल बोलत.

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. गॉर्डीकडे गाड्या बाहेर रस्त्यापर्यंत उभ्या असतात, पण आतली जागा रिकामी होती, झाडलेली. टेबलावर कॉफीचे दोन कप होते. आर्वोला वाटलं, कोणीतरी येऊन गेलेलं दिसतंय.

“गार आहे,” गॉर्डी म्हणाला.

“तळ्यावरनं वारं आहे,” आर्वो म्हणाला.

“आत घे.”

“मी नुसता इथून चाललो होतो.”

“दिसतंय. आत घे, लेका. ऐकू येतंय मला चौकापासून.”

आर्वोने गाडी आत घेतली. पाठीमागे गॉर्डीने दार खाली ओढलं, न सांगता. त्याबद्दल आर्वोला त्याचा जरा राग आला आणि जरा बरंही वाटलं.

गॉर्डीने बॉनेट उघडलं, बोटाने पट्टा दाबला, हं केलं. हसला नाही. मग कोपऱ्यातून एक काठी काढली. हातभर लाकूड, एका अंगाला मोडून तासलेलं, दुसऱ्या अंगाला काळ्या चिकटपट्टीचे जुनाट वेढे. ती त्याने अल्टरनेटरच्या मागे खुपसली, पत्र्याजवळ आल्यावर लाकूड जरासं वाकलं आणि पलीकडे गेलं. दुसऱ्या हाताने पाना फिरवला.

“लाकडाने अ‍ॅल्युमिनियमला काही होत नाही,” तो म्हणाला. “सुरू कर.”

मांजर गप्प होतं. इंजिन नुसतं इंजिनासारखं वाजत होतं.

आर्वोचं लक्ष काठीकडे होतं. “ही हॉकीची.”

“हो.”

“ती?”

“अर्धी. उरलेली अर्धी तू घरी घेऊन गेलास, नडगीत.”

“एक कुसळ डॉक्टरने काढलं होतं.”

“म्हणजे चांगलं लाकूड होतं.” गॉर्डीने कप पुढे केला. “घे. गार होतेय.”

दोघांनी कॉफी प्यायली. हवेबद्दल कोणी काही बोललं नाही. मग आर्वोने खिशात हात घातला.

“नको,” गॉर्डी म्हणाला. “पैसे घेतले की पावती फाडावी लागते. पावतीवर नाव लागतं. हिशेब माझी बायको बघते, आणि तिची बहीण मार्लीन.”

आर्वोचा हात खिशातच राहिला. “मग?”

गॉर्डी गाडीच्या खिडकीतून मागच्या सीटवर बघत होता. “ती नारिंगी कसली आहे?”

आर्वोने दार उघडून पहार त्याच्या हातात दिली. गॉर्डीने ती तोलली, टोकावरून अंगठा फिरवला, टोपीवर टिचकी मारली.

“अशी मी किती वर्षं शोधतोय,” तो म्हणाला. “ट्रकच्या कामाला. कोणी निवडली?”

“मी.”

“निवड आहे बरं का.”

असं म्हणणारा तो पहिला माणूस. आर्वोने कपाच्या तळाशी बघितलं. “ठेव तुला,” तो म्हणाला. “हमी आहे तिला.”

*

गुरुवारी गॉर्डी मार्लीनकडे बोल्ट घ्यायला आला आणि कॉफीला टेबलाशी टेकला. खिशातलं काढून ठेवावं तशी त्याने पहार टेबलावर ठेवली.

वाइनोने आधी उचलली. “वा. लांबी बघा. मी म्हणत होतो ना, लांब हवी.”

“लांब कुठे? बेताची आहे,” क्लिफर्डने ती त्याच्या हातून घेतली. “आणि मूठ रबरी. हेच मी याला तीन आठवडे ओरडून सांगतोय. कुठून आणलीस, गॉर्डी?”

“मिळाली.”

“आर्वो, बघ. पहार निवडावी तर अशी. ज्याचा धंदा त्याला कळतं. तू नुसता घोळ घालत बसलास.”

हातोहात फिरत पहार आर्वोकडे आली. त्याने ती पहिल्यांदाच बघतोय अशी तळहातावर तोलली. मुठीच्या टोपीवर सोमवारचे हातोडीचे घाव होते.

“बरी आहे,” तो म्हणाला आणि ती गॉर्डीकडे सरकवली.

“मग पट्ट्याचं काय केलंस शेवटी?” वाइनोने विचारलं. “उद्या जातेय ना व्हर्ना?”

“ताणला.”

“कशाने?”

आर्वोने पाव कॉफीत बुडवला. जरा जास्तच वेळ बुडवला. “काठीने.”

गॉर्डी छताला टांगलेल्या फावड्यांकडे बघू लागला.

“काठीने,” क्लिफर्ड हळूच म्हणाला. “लाकडाच्या.”

“ऐकलंस, मार्लीन?” वाइनो म्हणाला. “सगळी दुनिया पहारी विकत घेत फिरते आणि आमचा आर्वो नुसत्या काठीने इंजिनाला सरळ करतो. गॅरेजचं दार सोड, याच्या गाडीने आता पहारसुद्धा बघितली नाही म्हणायची.”

त्या दिवसापासून गावात ती बढाई तशीच सांगितली जाते, काठीसकट. आर्वो मारत नाही. ऐकतो.

शुक्रवारी सकाळी व्हर्नाने बॅग मागच्या सीटवर ठेवली, डब्यात पास्टी ठेवल्या, गाडी सुरू केली. कुत्र्याने मान वर करून बघितलं.

“आवाज गेला,” ती म्हणाली.

“हं.”

“ते नारिंगी काय होतं शेडमध्ये? छान होतं.”

“ठेवलंय नीट.”

“बरं.” तिने काच अर्धी वर केली. “सूप फ्रीजमध्ये आहे. आणि आरसा नवा आण. घेताना भिंत मोजून घे.”

गाडी वळणापर्यंत गेली आणि तिथून पुढे ऐकूच आली नाही.

गॅरेजमधली मंगळवारची वेळ व्हर्नाने फोन करून ठरवली होती, आर्वो पहिल्यांदा पहारी बघायला मार्लीनच्या दुकानात गेला त्या सकाळी.